एकवीस दिवसांचं पाणी

"हे कुणाला द्यायचंय?" नलिनीनं मागून विचारलं.

मी टेबलाशी बसून तोच मजकूर पाचव्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवत होतो. तांदूळ निवडायचं ताट हातात घेऊन ती केव्हा येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. जानेवारीतली दुपार होती, रविवारची.

"चौगुले सरांना," मी म्हणालो. चौगुले आमच्या शाळेचे मुख्याध्यापक.

"वाचू?"

मी कागद पुढे केला. तिनं ताट खिडकीत ठेवलं, पदराला हात पुसले आणि उभ्यानंच वाचलं. चारच ओळी होत्या. प्रकृतीच्या कारणास्तव मी सहायक शिक्षकपदाचा राजीनामा देत आहे, तो त्वरित स्वीकारावा, तसंच शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीचं काम अन्य योग्य व्यक्तीकडे सोपवावं. 'योग्य' हा शब्द मी आधीच्या प्रतींत दोनदा खोडला होता आणि दोनदा परत घातला होता.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली, कागद टेबलावर ठेवला आणि ताट उचलून आत गेली.

मी वाद घालायच्या पूर्ण तयारीत होतो. माझे सगळे मुद्दे तसेच राहिले.

या गोष्टीला आता अडतीस वर्षं झाली. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. ही हकीकत लिहिण्याजोगी आहे की नाही याची मला अजून खात्री नाही. नलिनी म्हणते, लिहा, नाहीतरी खोलीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेलंच वाचत असता. म्हणून लिहितो आहे.

शाळेच्या आवारात, झेंड्याच्या खांबापासून वीसेक पावलांवर, तारेचं कुंपण घातलेल्या चौकोनात तो पर्जन्यमापक होता. जमिनीत अर्धं पुरलेलं नळकांडं, आत नरसाळं आणि नरसाळ्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीत जमलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, मापावरच्या बारीक रेघांवर आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा आणि महिना संपला की पत्रक पुण्याच्या ऑफिसला धाडायचं. काम एवढंच. पण पुस्तकं वाचणं सोडलं तर जगात मला नीट जमलेली ही एकच गोष्ट आहे, असं मला वाटे. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्यापायी मी सासुरवाडीला कधी मुक्काम केला नाही, आणि नलिनीच्या माहेरी त्यावरून माझ्याविषयी काय बोललं जाई ते ती मला हसत हसत सांगे.

दर जूनमध्ये आठवीचा नवा वर्ग मापकाभोवती उभा करून मी एक छोटं भाषण देत असे. पाऊस नसला तरी यायचं, बाटली बघायची आणि शून्य लिहायचं. शून्य म्हणजे कुणीतरी येऊन पाहिलं. रकाना रिकामा म्हणजे कुणी पाहिलंच नाही. आणि एक दिवस जरी रिकामा राहिला, तरी सगळी माळ तुटली. शेवटचं वाक्य म्हणताना मी हातानं माळ तुटल्याचा अभिनय करी. मी वळलो की मुलं तो परत करून दाखवत, हे मला ठाऊक होतं.

ती माळ आदल्या सप्टेंबरात तुटली होती, आणि तोडणारा मी होतो.

श्रावणात मला झोप कमी लागायला लागली. थकवा मात्र येईना. उलट इतकं स्वच्छ, इतकं भराभर मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. एका मापकावर अख्ख्या घाटाचा पाऊस कसा कळणार? मी तेलाचे रिकामे डबे गोळा करून गावाच्या चहूबाजूंना बारा मापक बसवले. नववीच्या वर्गाला डोंगरावर नेऊन साडेचार तास बोललो, मुलं भुकेनं रडकुंडीला आली तरी थांबलो नाही. पुण्याला आणि दिल्लीला मिळून एकोणीस पत्रं लिहिली. एरवी स्टाफरूममध्ये चहा मागायलाही लाजणारा मी चौगुले सरांना शिक्षकदिनाच्या सभेत सांगून बसलो, की त्यांना पाऊस कळत नाही आणि माणसंही कळत नाहीत. सगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या मला दिसत होत्या आणि तसं दिसणारा मी एकटाच होतो. याचे पुरावे मला पावलोपावली मिळत होते. सभेनंतर दोनच दिवसांनी नलिनीच्या भावानं जीप आणली आणि मला मिरजेला नेलं.

डॉक्टर बेन्नूर यांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते तेव्हा लांबलचक होतं. आता त्याला बायपोलर म्हणतात. मन चढतं आणि मग उतरतं, दोन्ही आजारच, असं त्यांनी पाटीवर लहान मुलाला समजवावं तसं रेघ काढून दाखवलं. एकवीस दिवस मी तिथे होतो. घरी आलो तो उतारावरून खाली आलेला.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मापकापाशी गेलो. शाळेत दिवाळीनंतर रुजू झालो, पण मापकाचं काम त्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. नोंदवही आणि काचेचं माप माझ्या घरीच असे. वही उघडली तर ८ सप्टेंबर ते २८ सप्टेंबर, एकवीस रकाने, रिकामे. मी ते बोटानं मोजले. दोन दिवसांनी महिना संपला तसं पान उलटलं, आणि पुढचे तीन महिने मागे जाऊन ते पाहिलं नाही.

गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी मला एक वही दिली होती. रोज सकाळी मनाचा एक आकडा लिहायचा, उणे पाच ते अधिक पाच. त्याखाली जो विचार सारखा येत असेल तो. आणि त्यापुढच्या रकान्यात त्या विचाराला पुरावा काय, ते. विचार तपासून बघायची सवय लागावी, असा त्यांचा हेतू होता. मी आज्ञाधारक माणूस. पुराव्याचा रकाना मी एक दिवसही रिकामा ठेवला नाही.

विचार: सगळ्यांना माझी अडचण होते. पुरावा: मी आलो की स्टाफरूममधलं बोलणं थांबतं.

विचार: मुलं मला वेडा समजतात. पुरावा: आठवी 'ब'मध्ये कुणीही प्रश्न विचारला नाही.

विचार: दौलू मला टाळतो. पुरावा: सोमवारी मला पाहून पाण्याच्या टाकीमागे गेला. गुरुवारीही.

दौलू नाईक आमच्या शाळेचा शिपाई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, उंच, किंचित वाकलेला. चौदा वर्षं साडेआठच्या सुमारास तो आवार झाडत असे, आणि मी आकडा वाचला की झाडू टेकवून विचारी, "किती झाला, सर?" मी आकडा सांगे. तो मान हलवी, जणू पाऊस त्याच्याच घरचा. एवढंच आमचं बोलणं, पण ते रोज होई. मिरजेहून आल्यापासून त्यानं ते विचारणं बंद केलं होतं. मी फाटकातून शिरलो की तो झाडू घेऊन इमारतीमागे जाई. समोरासमोर आलाच तर माझ्या पायांकडे बघे. बाकी कुणाचं काही वाटलं तरी मी सोसलं असतं. दौलूचं सोसवेना.

आणि मग त्या शनिवारी पुण्याहून कार्ड आलं. सप्टेंबरचं पत्रक मिळालेलं नाही, तरी सत्वर पाठवावं, असा छापील मजकूर. चौगुले सरांनी ते एक शब्दही न बोलता माझ्या हातात ठेवलं. मी वहीत लिहिलं: उणे चार. विचार: माझ्यामुळे चौदा वर्षांचं काम मातीत गेलं, आता मी इथे असण्यात काही अर्थ नाही. पुरावा: कार्ड. काहीही न बोलता दिलं.

राजीनाम्यानंतर पुढे काय, याचा मी विचार केला नव्हता. खरं सांगायचं तर केला होता, पण तो त्या वहीत लिहिला नव्हता.

चारच्या सुमारास नलिनी चहा घेऊन आली आणि समोर बसली.

"उद्या देणार का?"

"आजच देतो. सर घरी असतील."

"डॉक्टर म्हणाले होते, उतारावर असताना मोठं काही ठरवायचं नाही."

"मी बरा आहे. इतकं स्पष्ट मला कधी दिसलं नव्हतं."

"श्रावणात पण हेच म्हणत होता," ती शांतपणे म्हणाली. तिनं बशी माझ्या बाजूला सरकवली. "बरं, मी देऊ नका असं म्हणत नाही. पण ते काचेचं माप घरात आहे. वह्या आहेत. त्या सरकारच्या आहेत ना? चार्ज दिल्याशिवाय राजीनामा कसा देता येईल?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आल्यावर मला फार लाज वाटली. चार्ज न देता निघून जाणारा माणूस! शाळेत सामानाच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात जुन्या नोंदवह्या ठेवलेल्या असत. वर्षातून एकदा, जुनी वही ठेवायला, मी ते उघडी. किल्ली दौलूकडे.

"तू नेऊन देशील?" मी विचारलं.

"मी कशाला? मला त्यातलं काय कळतंय. फुटलंबिटलं तर पुन्हा तुमच्याच नावावर." ती उठली. "आणि रविवारी खोली बंद असते. उद्या साडेआठला तुम्ही जाणारच आहात. तेव्हा आकडा घ्या, मग सगळं नीट ठेवा, मग द्या तुमचं पत्र. एवढी चौदा वर्षं केलंत, शेवटचा दिवस अर्धा कशाला सोडायचा?"

ती माझ्यावर माझीच हत्यारं चालवत होती, हे मला तेव्हा समजलं नाही. मला ते फक्त बरोबर वाटलं. मी पत्राची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

सोमवारी सकाळी धुकं होतं. मी पिशवीत माप आणि वह्या घेऊन शाळेत गेलो. मापकाची बाटली काढली. आत दवाचाही थेंब नव्हता. मी वहीत शून्य लिहिलं, जरा जास्तच काळजीपूर्वक, आणि बाटली परत ठेवली. दौलू व्हरांड्याच्या टोकाला झाडत होता. मला पाहून तो नेहमीप्रमाणे वळला.

"दौलू," मी हाक मारली. माझा आवाज मलाच परका वाटला. "सामानाच्या कपाटाची किल्ली दे."

तो थांबला, पण जवळ आला नाही.

"कशाला, सर?"

"हे ठेवायचंय."

"द्या हिकडं. मी ठिवतो."

"मलाच ठेवायचंय. चार्ज द्यायचाय."

त्याला चार्ज म्हणजे काय ते कळलं असावं, कारण त्यानं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "आज नगं, सर," तो म्हणाला. "कपाट लई घाण झालंय. झाडून-पुसून ठिवतो, मग उद्या बघा."

मला आता किल्लीसुद्धा देववत नाही याला, असं माझ्या मनात आलं. वहीत लिहायला आणखी एक पुरावा. मी हात पुढे करून तसाच उभा राहिलो. लाजाळू माणूस हट्टाला पेटला की फार केविलवाणा दिसतो, मीही दिसत असणार. शेवटी दौलूनं कमरेचा जुडगा सोडला, पण हातात दिला नाही. स्वतःच पुढे झाला.

सामानाच्या खोलीत मोडकी बाकं, लेझमी आणि एक फाटका नकाशा होता. दौलूनं कपाटाला किल्ली लावली, दार उघडलं आणि बाजूला होऊन भिंतीला टेकला.

मधल्या फळीवर बाटल्या होत्या. सलाईनच्या काचेच्या बाटल्या, रबरी बुचांच्या, दवाखान्यात असतात तशा. एका ओळीत, अगदी सरळ. प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर पेन्सिलीनं मोठमोठाले अंक. ८. ९. १०. काहींत चार बोटं पाणी होतं, काहींत तळाला थोडंसं. दोन-तीन अर्ध्याहून जास्त भरलेल्या. पाच बाटल्या पूर्ण कोरड्या होत्या, पण त्यांनाही बूच होतं आणि चिकटपट्टी होती.

मी आठ आकड्याची बाटली उचलून उजेडाकडे धरली.

"तुमीच सांगितलंत की," दौलू भिंतीजवळून म्हणाला. "जीपमदनं."

"काय सांगितलं?"

"तुमास्नी आत बसवलं, तर तुमी खिडकीतनं वराडलासा, दौलू, साडेआठ चुकवू नगंस. लई कायबाय बोलत हुतासा तवा, म्हंजे... सगळ्यांनी सोडून दिलं. पर ह्ये मातर मला बरोबर वाटलं."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"मग आकडा लिहून का नाही ठेवलास?"

"कुटला आकडा? त्या रेगा मला दिसत्यात व्हय?" त्यानं डोळ्यांपुढे बोटं हलवली. "दोन साल झाली, सगळं धुरकट दिसतंय. कुणाला सांगितलं न्हाई, नोकरीचं काय हुईल म्हणून. आनि माप तर तुमच्या घरात. चुकीचं लिवण्यापरास म्हटलं, पानीच ठिवू. सर येतील, मोजतील. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडनं बाटल्या आनल्या. उकळून घेतल्या, सर. आत आदीचं काय ऱ्हायलं न्हाई."

"आणि या रिकाम्या?"

"त्या दिशी पाऊस न्हवता." तो जरा चकित होऊन म्हणाला. "बाटली ठिवली नसती, तर तुमी म्हनला असता दौलू आलाच न्हाई."

मी पाचही रिकाम्या बाटल्यांची बुचं एकेक करून चाचपली. मग विचारलं, "मला येऊन चार महिने होत आले, दौलू. सांगितलं का नाहीस?"

दौलूनं वाकून खालच्या फळीवरून वर्तमानपत्राचा एक पुडा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. कागद उघडला तर आत काचा होत्या. एका तुकड्याला चिकटपट्टी होती. १७.

"सगळ्यात मोटा पाऊस त्या दिशीचा," तो म्हणाला. "गळ्यापतोर भरल्याली बाटली. फुडची बाटली ठिवताना माज्या ह्या जुडग्याचा धक्का लागला. म्या फडक्यानं पानी टिपलं, पिळून वाटीत काडलं, पर त्ये काय खरं न्हवं. टाकून दिलं." तो परत माझ्या पायांकडे बघायला लागला. "रोज म्हनायचो, आज सांगू. तुमी सकाळी येतासा, तोंड असं उतरल्यालं. म्हटलं, ह्या बाटलीपायी सरांचं डोस्कं परत फिरलं तर? मग सांगायचं ऱ्हाऊन गेलं. जितकं ऱ्हायलं, तितकं अवगड झालं. तुमी फाटकात दिसलासा की झाडू घिऊन मागं पळायचो."

"म्हणून टाकीमागे जात होतास?"

"मग काय करू?"

"एकच फुटली ना?"

"एक का असंना. मोडलंच की, सर." त्यानं पुडा गुंडाळून फळीवर ठेवला. "तुमी सांगता न्हवं पोरास्नी दर साली? एक दिस चुकला की माळ तुटली. चौदा वर्सं ऐकतोय मी झाडता झाडता. तुमी येकवीस दिस माज्या हातात दिलं, आनि म्या माळ तोडली."

त्यानं हातानं माळ तुटल्याचा अभिनय केला. माझाच. मुलं करत तसा चेष्टेनं नाही. अगदी मनापासून.

"वीस दिवस आहेत, दौलू," मी म्हणालो.

त्यानं बाटल्यांच्या ओळीकडे पाहिलं.

"मोज तू. वीस आहेत. एकवीस दिवस तू आलास, भर पावसात उभा राहिलास, बाटल्या उकळल्यास. एक फुटली. वीस आहेत की नाहीत?"

"हायत," तो हळूच म्हणाला.

"मग एकामुळे वीस जातात कुठे?"

मी हे बोललो आणि थांबलो. डॉक्टर बेन्नूर मिरजेला नेमकं हेच मला सांगत आले होते, निरनिराळ्या शब्दांत, दर महिन्याला. मी मान डोलवत असे. त्या सकाळी ते वाक्य माझ्याच तोंडून, दुसऱ्या कुणाला तरी समजावताना बाहेर पडलं, आणि समोरचा माणूस खांदे जरा सैल सोडून श्वास घेताना मला दिसला.

"त्या सतराव्याचं काय करायचं?" दौलूनं विचारलं. "शून्य लिवनार?"

"नाही. शून्य कसं? पाऊस तर झाला. 'नोंद नाही' असं लिहायचं."

"चालतं तसं?"

"चालतं," मी म्हणालो. चौदा वर्षं मला ते ठाऊक होतं. पुण्याच्या सूचनापत्रकात ते छापलेलंच होतं, पहिल्या पानावर. मुलांना मात्र मी ते कधी सांगितलं नव्हतं. माळेचं वाक्य जास्त चांगलं वाटायचं.

शाळा भरायला दीड तास होता. आम्ही खोलीच्या उंबऱ्यावर उजेडाला बसलो. दौलू एकेक बाटली आणे, बूच काढे आणि श्वास रोखून मापात ओते. एक थेंब बाटलीच्या गळ्याला राहिला तर तो पडेपर्यंत बाटली उलटी धरून ठेवी. मी माप डोळ्यांसमोर आणून आकडा वाचत होतो. वहीत थेट लिहायची हिंमत होईना, चूक झाली तर खाडाखोड नको म्हणून आधी कच्चं लिहायचं ठरवलं. कागद जवळ एकच होता. मी खिशातून घडी काढली, उलगडली आणि पाठच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागलो.

दहाव्या की अकराव्या बाटलीला दौलूनं ओतता ओतता, मान वर न करता विचारलं, "किती झाला, सर?"

"बावीस पूर्णांक चार."

त्यानं मान हलवली.

सव्वादहाला चौगुले सर सायकल हातात धरून आवारातून आले आणि आम्हाला पाहून थांबले. उंबऱ्यावर वीस बाटल्या, दोन माणसं, आणि व्हरांड्यात ओघळलेलं पाणी. मी उठून उभा राहिलो. कागद हातातच होता. त्यांच्याकडे पाठची बाजू होती की पुढची, मला सांगता येणार नाही.

"काय चाललंय, हेर्लेकर?"

"सप्टेंबरचं पत्रक करतोय, सर."

"हां. करा. परवा ते कार्ड आलं, तेव्हा म्हणणार होतो तुम्हाला, पण म्हटलं उगीच कशाला मागे लागायचं, आत्ताच कुठे बरे होताय." त्यांनी सायकल पुढे ढकलली, मग वळून म्हणाले, "दौलू, ते पाणी पूस. पोरं घसरतील."

संध्याकाळी नलिनीनं दारातच विचारलं, "दिलंत?"

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं राजीनामा पाहिला, मग उलटून पाठची बाजू पाहिली. एकाखाली एक एकवीस तारखा, त्यापुढे आकडे, पाच ठिकाणी शून्य आणि एका ठिकाणी 'नोंद नाही'. मी घडलं ते सांगितलं. मग कागदाची घडी करून तिनं तो फळीवरच्या डब्याखाली सारला.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"बाटल्यांचं? नाही हो. मला कुठून ठाऊक असणार?" ती स्वयंपाकघरात वळली. "मी आपला एक दिवस मागून घेतला होता. उद्या दुसरं काहीतरी काढून आणखी एक मागितला असता."

त्या रात्री झोपण्याआधी मी डॉक्टरांची वही काढली. आकडा उणे तीन लिहिला. फार काही बदललं नव्हतं. छातीवरचा दगड होता तिथेच होता, आणि तो पुढे दोन महिने तसाच होता. चौगुले सरांविषयी जे लिहिलं होतं त्याकडे मी जरा वेळ बघत बसलो. मग मागे जाऊन 'दौलू मला टाळतो' हा विचार शोधून काढला. त्यापुढच्या रकान्यात माझे दोन पुरावे होते, सोमवारचा आणि गुरुवारचा. ते खोटे नव्हते, म्हणून खोडले नाहीत. खाली उरलेल्या जागेत लिहिलं: बाटल्या वीस. एक फुटली.

पुढच्या महिन्यात मिरजेला रक्त तपासायला गेलो तेव्हा दौलूला बरोबर नेलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन झालं, आणि पट्टी सुटल्यावर परत येताना तो बसच्या खिडकीतून वाटेतल्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत आला, चहाच्या दुकानांच्यासुद्धा. त्या जूनमध्ये आठवीच्या वर्गाला माळेचं वाक्य मी सांगितलं नाही. मुलांना मात्र ते वरच्या वर्गांकडून आधीच कळलेलं होतं. ती वाट बघत उभी राहिली आणि मग थोडी हिरमुसली.

आजार गेला नाही. सहा वर्षांनी पुन्हा चढ आला, पुन्हा जीप आली. या वेळी मी खिडकीतून काही ओरडलो का, ते मला माहीत नाही, आणि दौलू तेव्हा निवृत्तीला आला होता. सव्वीस दिवसांनी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शाळेत गेलो, तर झाडू व्हरांड्याला टेकवून तो मापकापाशी उभा होता. एका हातात माप, काखेत वही. दोन्ही त्यानं नलिनीकडून मागून नेली होती.

मी वही उघडली. एकही रकाना रिकामा नव्हता. मोठमोठाले अंक होते, ओळी सोडून वर-खाली गेलेले. आणि कोरड्या दिवसांपुढे शून्यं होती, जाड, वाटोळी, दोन-दोन ओळी व्यापून बसलेली.